एकाच कँकरला तीन नावं: ओळख नेमकी कुठे चुकते?

सफरचंदाची एक फांदी, तिच्यावर तळहाताएवढा एक कँकर, म्हणजे सालीवरचा मेलेला, खोलगट व्रण. पहिल्या खेपेला सालीचा तुकडा आगारच्या प्लेटवर वाढायला ठेवला, तर अल्टरनेरिया ही बुरशी आली. दुसऱ्या खेपेला सायटोस्पोरा. तिसऱ्या खेपेला कल्चर (प्लेटवर वाढवलेली बुरशी) सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएचा क्रम वाचायला, बाहेर पाठवलं, तर अहवालात डायपोर्थे आणि प्रजातीच्या जागी 'अनिश्चित'. फांदी तीच, कँकर तोच, नमुना घेणारे हातही माझेच.

हे इतक्या वेळा झालंय की आता मी त्यावर चिडत नाही, त्याच्याकडे लक्षण म्हणून बघते. सफरचंद, नाशपाती, पीच, जर्दाळू, चेरी, प्लम, बदाम या गुलाब कुळातल्या झाडांच्या सालीवर कँकर करणाऱ्या बुरशा डझनाहून जास्त आहेत. त्यांचे व्रण एकमेकांसारखे दिसतात, आणि त्याच सालीत निरुपद्रवी बुरशांचीही दाटी असते. नाव दर खेपेला बदलत असेल तर दोष यंत्रात क्वचितच सापडतो. माझ्या हिशेबात सगळ्यात जास्त चुका तुकडा कापताना होतात, त्याखालोखाल नाव जुळवताना. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणारी पायरी, बिचारा उगाच बदनाम आहे.

खालचा क्रम मी स्वतः ज्या क्रमाने तपासते तोच आहे. सगळं करायची गरज नाही. जिथे गाठ सापडेल तिथे थांबा.

आधी, ही बुरशीच आहे ना?

प्लेटवर दर वेळी वेगळीच बुरशी येत असेल तर पहिली शंका ही घ्यावी की खरा कारक तुमच्या प्लेटवर उगवणारच नाही असा आहे. तीन तोतये नेहमी फसवतात.

पहिला तोतया जिवाणू. चेरी, प्लम, जर्दाळू यांच्यावर स्यूडोमोनास सिरिंगीचा कँकर अगदी बुरशीसारखा दिसतो: खोलगट साल, तपकिरी ऊती, भरपूर डिंक. सफरचंद-नाशपातीवर अर्विनिया अमायलोव्होरा, म्हणजे फायर ब्लाइट. तिथे कोवळे शेंडे करपून आकडीसारखे वाकतात आणि दमट हवेत सालीतून चिकट थेंब सुटतात. तपासायला दोन मिनिटं पुरतात. व्रणाच्या कडेची पातळ चकती कापा, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हर स्लिप, आणि कमी प्रकाशात बघा. जिवाणू असतील तर कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट बाहेर पडताना दिसतो. एकदा पाहिलात की विसरणार नाही.

दुसरा फायटोफ्थोरा, सफरचंदावर विशेषतः फायटोफ्थोरा कॅक्टोरम. व्रण मातीलगत, बुंध्याच्या गळ्याशी असेल, आतली साल लालसर तपकिरी असेल, आणि माती थोडी उकरल्यावर व्रण खाली मुळांकडे जाताना दिसला, तर बुरशीचा नाद सोडा. फायटोफ्थोरा वागायला बुरशीसारखा असला तरी खरी बुरशी नव्हे. त्याच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतं. नेहमीच्या पोटॅटो डेक्स्ट्रोज आगारवर त्याला इतर बुरशा सहज मागे टाकतात. त्याला प्रतिजैविकं आणि बुरशीनाशक घातलेलं खास माध्यम लागतं. वर आपण सवयीने निर्जंतुक करायला हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) तुकडे बुडवतो, त्यात तो आधीच गारद होतो.

तिसरा तोतया म्हणजे उन्हाचा चटका, हिमाचा तडाखा किंवा खोडकिडा. खोडाच्या एकाच दिशेला लांबट पट्टा मेलेला असेल, किंवा डिंकात किड्याची विष्ठा आणि भुसा मिसळलेला असेल, तर सुरुवात तिथून झाली आहे. बुरशी मागाहून आली असेल, आणि प्लेटवर ती खुशाल उगवेलही. म्हणूनच चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचे प्रकार इथे सर्रास होतात.

तुकडा कुठून कापला?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी पहिली चूक इथलीच होती.

कँकरच्या मधोमध असलेली काळी, फाटलेली, कोरडी साल सगळ्यात जास्त डोळ्यांत भरते आणि नवशिका हात तिथेच सुरी लावतो. ती साल मेलेली आहे. मूळ बुरशी तिथून कधीच पुढे सरकलेली असते आणि तिच्या मागे अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम, एपिकॉकम, पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा यांनी बिऱ्हाड थाटलेलं असतं. मधली साल प्लेटवर ठेवली की हीच मंडळी येणार. माझी पहिली अल्टरनेरिया अशीच आली होती.

कारक बुरशी असते सीमेवर. बाहेरची खरखरीत साल सुरीने हलकेच खरवडत जा. आतली साल हिरवट पांढऱ्यावरून ओलसर, लालसर तपकिरी होते ती रेघ शोधा. ही रेघ वरून दिसणाऱ्या व्रणाच्या कडेशी जुळतेच असं नाही. पुष्कळदा आत दोन-तीन सेंटिमीटर पुढे गेलेली असते. तुकडे या रेघेवरून घ्या, म्हणजे प्रत्येक तुकड्यात थोडा जिवंत भाग आणि थोडा रोगट भाग येईल. आकार तीन ते पाच मिलिमीटर. एका व्रणातून एकच तुकडा घेऊन निष्कर्ष काढू नका. वरची कड, खालची कड, दोन्ही बाजू आणि व्रणाखालचं लाकूड, सगळीकडून घ्या आणि कुठला तुकडा कुठला ते लिहून ठेवा.

लाकडाकडे बघायला लोक विसरतात. फांदी आडवी कापली आणि लाकडात पाचरीच्या आकाराचा तपकिरी डाग दिसला तर जर्दाळूवर युटायपा लाटा या बुरशीची आठवण होणं साहजिक आहे. पण तशीच पाचर बॉट्रिओस्फेरिया कुळातल्या बुरशाही करतात. डागाचा आकार बघून नाव लिहिणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. डागाच्या पुढच्या टोकाचा तुकडा घ्या, नाव नंतर.

ऋतूचाही फरक पडतो. सायटोस्पोरासारख्या बुरशा झाड सुप्त असताना सालीत पुढे सरकतात. झाड वाढीला लागलं की ते व्रणाभोवती नवी ऊती उभी करून त्यांना अडवतं. पुढच्या सुप्तावस्थेत बुरशी ती भिंत ओलांडते, झाड पुन्हा भिंत बांधतं. जुन्या कँकरवरची एकाआड एक वर्तुळं म्हणजे याच झटापटीची वार्षिक नोंद. भर वाढीच्या काळात, भिंत नुकतीच पक्की झालेली असताना नमुना घेतला तर सीमा थंड असते आणि प्लेटवर काही येत नाही, किंवा भलतंच येतं. ओल्या, ताज्या रंगाची सीमा दिसेल तेव्हाच नमुना घ्यावा हे माझं मत, थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

आणि पिशवी. एकदा कुणीतरी ताजे तुकडे पाण्याने पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठवले. तीन दिवसांनी पिशवी उघडली तर आत हिरवंगार. ट्रायकोडर्माने साल, लाकूड, चिठ्ठी, सगळं माखलं होतं. चिठ्ठीवरचं झाडाचं नावही वाचता येईना. फांदी कोरड्या कागदात गुंडाळा, कागदी पाकिटात घाला, चार अंशांच्या आसपास ठेवा, आणि लवकर कापा.

प्लेटवर जोरात धावणाऱ्यांची गर्दी

निर्जंतुकीकरण दोन्ही बाजूंनी चुकतं. कमी झालं तर पृष्ठभागावरची बुरशी उगवते, जास्त झालं तर पातळ तुकड्यातली आतली बुरशीही मरते. माझी ठरलेली पद्धत: ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, एक टक्क्याच्या आसपास सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक ते दोन मिनिटं, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुणं, निर्जंतुक कागदावर कोरडं करणं. निर्जंतुकीकरण पुरेसं झालं का हे बघायची सोपी युक्ती आहे: तुकडा एका वेगळ्या प्लेटवर क्षणभर टेकवून उचला. त्या ठशावर काही उगवलं तर ते पृष्ठभागावरचं आहे, आणि त्या तुकड्यावर आलेल्या कॉलनीवर विश्वास ठेवू नका.

माध्यमात स्ट्रेप्टोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन घाला, नाहीतर जिवाणू आधी पसरतात. २० ते २५ अंश सेल्सिअस पुरे.

आता खरी मेख. बॉट्रिओस्फेरिया कुळातल्या बुरशा चार-पाच दिवसांत ९० मिलिमीटरची प्लेट भरून टाकतात: आधी पांढरा, मग राखाडी, मग काळपट हिरवा कापूस. नीओनेक्ट्रिया डायटिसिमा त्याच वेळात जेमतेम छोट्या नाण्याएवढी होते. त्या पाच दिवसांत तुम्ही प्लेट बघून 'बॉट्रिओस्फेरिया' लिहून टाकलीत तर हळू वाढणारीचा पत्ताच लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज प्लेटा बघा, उगवू लागलेल्या प्रत्येक धाग्याचं टोक लगेच वेगळ्या प्लेटवर हलवा, आणि मूळ प्लेटा फेकू नका. मी किमान तीन आठवडे ठेवते. जागेवरून कुरकुर होते, होऊ दे.

शिवाय नमुन्यागणिक आलेल्या बुरशांची मोजदाद ठेवा. वीस तुकड्यांपैकी सोळांतून एकच बुरशी, आणि तीही सीमेवरच्या तुकड्यांतून, हा चित्राचा एक प्रकार. वीस तुकड्यांतून सात वेगवेगळ्या, प्रत्येकी दोन-तीन तुकड्यांत, हा दुसरा. त्यात तुम्हाला कारक नव्हे तर सालीची लोकसंख्या मिळाली आहे. पुन्हा नमुना घ्या.

बीजाणू बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

सिक्वेन्सिंग स्वस्त आणि सोपं झालं आणि सूक्ष्मदर्शकाकडे जाणं कमी झालं. मला हे पटत नाही. बीजाणू बघायला पाच मिनिटं लागतात आणि डीएनएच्या अहवालातली निम्मी घोळदार नावं तिथेच गळून पडतात.

सायटोस्पोराचं उदाहरण घ्या. सालीवर काळसर पुटकुळ्या दिसतात. तो तुकडा ओल्या टिपकागदावर, झाकलेल्या डबीत रात्रभर ठेवा. सकाळी प्रत्येक पुटकुळीच्या तोंडातून केशरी किंवा लालसर धागा पिळून बाहेर आलेला असतो, वळलेला, केसासारखा बारीक. सुईच्या टोकाने तो उचलून पाण्याच्या थेंबात सोडा. डोळ्यांदेखत विरघळतो आणि थेंब ढगाळ होतो. सूक्ष्मदर्शकाखाली हजारो चिमुकले, रंगहीन, किंचित वाकलेले, स्वल्पविरामासारखे बीजाणू, साधारण चार ते आठ मायक्रॉन लांब. हे दिसलं की गण ठरला. प्रजाती नव्हे, तिच्याकडे पुढे येते.

नीओनेक्ट्रिया डायटिसिमाच्या व्रणावर, विशेषतः जुन्या, वर्तुळं पडलेल्या कँकरच्या कडेला, लाल टिपक्या दिसतात. त्या तिच्या लैंगिक फळकाया. त्यांतले बीजाणू दोन पेशींचे, रंगहीन. ताज्या कँकरवर पांढरट उशा येतात आणि त्यांत लांब, सरळसोट दंडगोल बीजाणू असतात, अनेक आडव्या पडद्यांचे. हे सोडून तुम्हाला गुलाबी-पोवळी रंगाच्या गाठी दिसल्या तर ती बहुधा नेक्ट्रिया सिनाबारिना. ती अशक्त झाडावर किंवा मेलेल्या फांदीवर बसते. तिला मुख्य आरोपी करण्याआधी दुसरं काही आधी घडलं होतं का बघा.

बॉट्रिओस्फेरिया कुळात गोंधळ सगळ्यात जास्त, म्हणून जरा तपशील. बॉट्रिओस्फेरिया डोथिडियाचे बीजाणू रंगहीन, चातीसारखे लांबट, दोन्हीकडे निमुळते, साधारण २० ते ३० मायक्रॉन लांब. निओफ्युसिकॉकम पार्व्हमचेही तसेच रंगहीन, पण बहुधा आखूड. सीमारेषेवरचे आकडे एकमेकांत मिसळतात. नुसत्या मापावरून त्या दोघांना वेगळं केलं असं कुणी सांगितलं तर मी डीएनए मागते. डिप्लोडिया सेरिआटाचे बीजाणू मात्र रुंद आणि तपकिरी, बरेचदा बाहेर पडण्याआधीच रंग धरलेले. लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमीचे बीजाणू पिकल्यावर गडद तपकिरी, मध्ये एक पडदा आणि उभ्या रेघा. इतके ठळक की चूक होऊ नये. तरी होते, कारण कोवळेपणी ते रंगहीन आणि बिनपडद्याचे असतात. आठवडाभराच्या कल्चरमधून स्लाइड करून नाव देऊ नका. आणखी दोन आठवडे थांबा.

आणि थांबूनही बीजाणू येत नसतील तर? या कुळाची ही जुनी खोड. प्लेटवर कापूसच कापूस, बीजाणू नाहीत. पाइनच्या सुया ऑटोक्लेव्हमध्ये दोनदा उकळून साध्या पाणी-आगारवर ठेवा, शेजारी कल्चरचा तुकडा लावा, आणि दिवसाला बारा तास निअर-यूव्ही (दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या अतिनील) दिव्याखाली ठेवा. दोन ते चार आठवड्यांत सुयांवर काळे ठिपके येतात. सायटोस्पोरा आणि डायपोर्थेलाही उपयोगी पडतं. नसतील सुया तर त्याच झाडाच्या निरोगी डहाळीचे तुकडे निर्जंतुक करून वापरा.

एक सापळा वारंवार दिसतो म्हणून सांगते. डायपोर्थेत दोन प्रकारचे बीजाणू असतात: एक छोटे लंबगोल, दुसरे दोऱ्यासारखे, टोकाला वाकलेले. कल्चरमध्ये कधीकधी फक्त दोऱ्यासारखेच येतात. युटायपाचे अलैंगिक बीजाणूही दोऱ्यासारखे, वाकडे. दोघेही जर्दाळू-चेरीच्या मरत्या फांदीतून निघतात. नुसते वाकडे दोरे बघून कुणाचं नाव लिहायचं? कुणाचंच नाही. सालीवर लंबगोल बीजाणू शोधा, नाहीतर डीएनए करा.

इतरही एक-दोन चटकन: चेरीवर कॅलोस्फेरिया पुल्केला, हळू वाढते आणि प्लेटवर सहज हरवते. सफरचंदावर निओफॅब्रिया मॅलिकॉर्टिसिसचा व्रण जुना झाला की साल गळून आतले तंतू वाद्याच्या तारांसारखे ताणलेले उरतात. ते दिसलं तर ओळख निम्मी झाली. पानांवर चंदेरी झाक आणि लाकडात तपकिरी डाग असेल तर काँड्रोस्टिरियम पर्प्युरियमचा विचार करा. ती तर वेगळ्याच विभागातली, छत्रीवर्गीय बुरशी.

सिक्वेन्स आला, नाव आलं नाही

बुरशीचा सर्वमान्य बारकोड, म्हणजे ओळख पटवणारा डीएनएचा तुकडा, म्हणून आयटीएस हा भाग २०१२ मध्ये सुचवला गेला आणि तेव्हापासून सगळे तोच करतात. ठीक आहे. तो जवळपास सगळ्या बुरशांमध्ये सहज वाढवता येतो, साधारण साडेपाचशे बेसचा, आणि गण ठरवायला उत्तम. पण आपल्याला हवी असते प्रजाती, आणि कँकरच्या नेमक्या या गणांत आयटीएस तोकडा पडतो. निओफ्युसिकॉकम पार्व्हम आणि तिच्या जवळच्या निओफ्युसिकॉकम रायबिसमध्ये आयटीएसचा फरक नगण्य. डायपोर्थे एरेसच्या गटात आयटीएस तर उलटसुलट झाड (सिक्वेन्सांवरून काढलेली नात्यांची आकृती) देतो. माझं 'डायपोर्थे, अनिश्चित' हे अहवाल देणाऱ्याचं अपयश नव्हतं. तो प्रामाणिक होता. चूक माझी की मी फक्त आयटीएस मागितला.

मागायचं काय? आयटीएसच्या जोडीला आणखी जनुकं. बॉट्रिओस्फेरिया कुळात आयटीएसबरोबर टीईएफ-१ आणि बीटा-ट्युब्युलिन. पार्व्हम-रायबिससाठी वर आरपीबी-२. डायपोर्थेत टीईएफ-१, बीटा-ट्युब्युलिन, कॅल्मोड्युलिन, हिस्टोन-३. सायटोस्पोरात आयटीएस, अ‍ॅक्टिन, आरपीबी-२, टीईएफ-१, बीटा-ट्युब्युलिन. खर्च वाढतो, मान्य. सगळ्या कल्चरांचं करू नका. दिसण्यावरून गट पाडा, प्रत्येक गटातल्या एक-दोन प्रतिनिधींचं पूर्ण करा.

अहवाल हातात आल्यावर आधी क्रोमॅटोग्राम, म्हणजे सिक्वेन्सिंगचा शिखरांचा आलेख, उघडा. नावाकडे नंतर. एका जागी दोन-दोन शिखरं दिसत असतील, आणि तीही सलग, तर कल्चर शुद्ध नव्हतं. एकबीजाणू कल्चर किंवा निदान धाग्याच्या टोकाचं कल्चर करून पुन्हा पाठवा. बाकी सगळा वाद निरर्थक.

शिखरं स्वच्छ असतील तर ब्लास्टकडे, म्हणजे सिक्वेन्स सार्वजनिक संग्रहाशी ताडून बघणाऱ्या शोधसाधनाकडे. इथे तीन गोष्टी बघते. जुळणीची टक्केवारी ९९ असली आणि तुमच्या सिक्वेन्सचा जेमतेम अर्धा भाग जुळला असेल तर ती जुळणी नाही. पहिल्या नावावर थांबू नका. पहिल्या वीस नोंदी वाचा. त्यांत चार वेगवेगळ्या प्रजाती सारख्याच गुणांनी बसल्या असतील तर आयटीएसला सांगायचं तेवढंच सांगून झालं आहे. आणि सार्वजनिक संग्रहात चुकीच्या नावाने ठेवलेले सिक्वेन्स भरपूर आहेत. कुणीतरी २० वर्षांपूर्वी दिलेलं नाव पुढचे जुळवून घेतात आणि चूक वारसाने चालते. म्हणून तुलना नेहमी मूळ नमुन्याच्या कल्चरशी करा, म्हणजे ज्या कल्चरवरून त्या प्रजातीचं वर्णन किंवा पुनर्निश्चिती झाली तिच्याशी. युट्रेक्टच्या वेस्टरडाइक संस्थेतली सीबीएस क्रमांकाची कल्चर या कामी वारंवार भेटतात. त्यांचे सिक्वेन्स घेऊन, आपले घालून, एक छोटं झाड काढा. आपली बुरशी मूळ कल्चरबरोबर एकाच फांदीवर ठामपणे बसली तर नाव लिहा. शेजारी बसली तर 'जवळची' असं लिहा. त्यात कमीपणा नाही.

नावांची जंत्री हा स्वतंत्र त्रास आहे. बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक रूपांना वेगवेगळी नावं देण्याची पद्धत २०११ च्या मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये मोडीत निघाली. एक बुरशी, एक नाव. त्यामुळे जुन्या लेखातली व्हाल्सा आता सायटोस्पोरा. सफरचंदावरची व्हाल्सा मालाय तीच सायटोस्पोरा मालाय. नेक्ट्रिया गॅलिजेना, नीओनेक्ट्रिया गॅलिजेना आणि नीओनेक्ट्रिया डायटिसिमा ही तीन नावं एकाच बुरशीची. म्हणजे दोन अहवालांत दोन नावं आली तर ती दोन बुरशा असतीलच असं नाही. आधी मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरम या बुरशांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवह्यांमध्ये चालू नाव बघा. मी एकदा दोन दिवस एका 'विसंगती'मागे घालवले आणि निघालं काय, तर जुनं आणि नवं नाव.

उलटाही प्रकार आहे आणि तो जास्त घातक. बॉट्रिओस्फेरिया डोथिडियाला निश्चित मूळ नमुना २००४ मध्ये मिळाला, आणि २००६ मध्ये या कुळाची मोठी फेरमांडणी झाली; निओफ्युसिकॉकम हा वेगळा गण तेव्हाच उभा राहिला. त्याआधीच्या लेखांत 'बॉट्रिओस्फेरिया डोथिडिया' हे नाव आजच्या तीन-चार प्रजातींना सरसकट दिलेलं असू शकतं. तेव्हा जुन्या यादीशी जुळलं म्हणून आनंद नको, आणि जुळलं नाही म्हणून घाबरायचंही नाही.

नाव पक्कं झालं, पण हीच कारक आहे का?

बॉट्रिओस्फेरिया कुळातल्या बुरशा निरोगी फांदीतही गुपचूप राहतात. झाड पाण्याच्या ताणात आलं की त्या उठतात. त्यामुळे नुसती सापडणं हा पुरावा नाही. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने घालून दिलेली कसोटी इथे टाळता येत नाही: शुद्ध कल्चर निरोगी झाडाला लावा, तोच रोग दिसला पाहिजे, आणि त्यातून तीच बुरशी परत मिळाली पाहिजे.

प्रत्यक्षात: बुच-छेदणीने सालीत पाच मिलिमीटरचं भोक, त्यात कल्चरच्या कडेचा तेवढाच तुकडा, वर ओला कापूस आणि पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची मेणसर पट्टी). शेजारी, त्याच फांदीवर नव्हे तर दुसऱ्या फांदीवर, साध्या आगारचा तुकडा लावलेली तुलनेची जखम. ही जखम नसेल तर प्रयोग व्यर्थ. साल कापल्यावर थोडी तपकिरी होतेच, तिला व्रण समजू नका. कापलेल्या डहाळ्यांवर चाचणी लवकर होते पण डहाळी वाळत जाते आणि अशक्त बुरशीही तिथे पराक्रमी दिसते. शक्य असेल तर कुंडीतल्या जिवंत रोपांवर करा.

तुलनेच्या जखमेतूनही तीच बुरशी निघाली तर दचकू नका, प्रयोग बिघडला असंही लगेच म्हणू नका. ती आधीपासून त्या फांदीत असेल. अशा वेळी व्रणाची लांबी बोलते: लावलेल्या जखमेचा व्रण तुलनेपेक्षा स्पष्ट लांब आहे का? परत काढलेल्या कल्चरचा सिक्वेन्सही लावलेल्या कल्चरशी जुळवून बघा, फक्त कापसाचा रंग बघून 'तीच' म्हणू नका. आणि एकाहून जास्त बुरशी व्रण करत असतील तर तेही उत्तर आहे. एकाच कँकरमध्ये दोन कारक असणं मुळीच दुर्मीळ नाही.

त्या सफरचंदाच्या फांदीचं पुढे काय झालं ते राहिलंच. सुप्तावस्थेत, ताजी ओली सीमा बघून पुन्हा तुकडे घेतले. बहुतेक सीमावर्ती तुकड्यांतून सायटोस्पोरा आली, लाकडाच्या दोन तुकड्यांतून डायपोर्थे. रोपांवर सायटोस्पोराचा व्रण पसरला. डायपोर्थेचा तुलनेच्या जखमेपेक्षा वाढलाच नाही. पाच जनुकांच्या झाडावर आमची सायटोस्पोरा मालायच्या मूळ कल्चरच्या फांदीवर बसली. अल्टरनेरिया मधल्या मेलेल्या सालीतली, हे कळायला पुन्हा प्लेटही लागली नाही. माझ्याच वहीत पहिल्या खेपेच्या नोंदीपुढे लिहिलेलं होतं, 'तुकडा: व्रणाचा मध्य'.